बी तापीचं, पाणी पांझरेचं

सावद्याच्या स्टँडवर धुळ्याची एसटी लागली तेव्हा माझ्या हातात अकरा वस्तूंची यादी होती. पत्र्याची पेटी, दोन वळकट्या, स्टोव्ह, पाटा-वरवंटा, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा, असं एकेक सामान टपावर चढत होतं आणि मी पेन्सिलीनं खुणा करत होते. एक वर्षाची श्वेता माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या कडेवर होती. तो म्हणाला, "पोरगी लिहिली का यादीत? नाहीतर राहून जाईल इथंच." माझे वडील, आबा, हसले नाहीत. ते टपावरच्या दोरीची गाठ तिसऱ्यांदा ओढून पाहत होते.

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली आणि मायनं खिडकीतून हात आत घातला. हातात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, तोंडाला चिंधीचा बोळा, आत राख. "वांग्याचं बी हाये. लिही तुह्या कागदावर," ती म्हणाली. मी लिहिलं. बारा: वांग्याचं बी. गाडी हलली, माय मागं गेली, आबा मागं गेले, आणि माझं रडायचं राहूनच गेलं, कारण मी तेव्हा बारावा आकडा लिहीत होते.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. ज्यांना मी स्टँडवर सोडून आले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखंच पेटी उचलून कुठं कुठं गेलेल्या आपल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. पुण्याला गेलेले म्हणतील, सावदा ते धुळे हे काय स्थलांतर? सकाळी बसलं तर जेवायला पोचतो माणूस. अंतर कमीच आहे. पण आमच्या गावात 'हाये' म्हणतात आणि धुळ्याच्या बाजारात 'शे'. पहिल्या महिन्यात शेजारणीनं विचारलं, "बठ्ठं सामान लागी गयं का?" आणि मी तिला बसायला पाट दिला. बठ्ठं म्हणजे सगळं, हे कळायला दोन दिवस गेले. मग मी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला सुरुवात केली. आता माहेरी गेलं की माझा भाऊ प्रकाश चिडवतो, "आली पाहा शे-वाली."

मिलिंदची नोकरी धुळ्याच्या एका शाळेत होती. पुढं मलाही एका कॉलेजच्या भांडार विभागात काम मिळालं. आलेली प्रत्येक वस्तू कुठून आली, कधी आली, कुठं ठेवली, हे नोंदवणं हेच माझं काम. स्वभावाला जुळलं. देवपुरात आम्ही घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते. मागच्या अंगणात मायचं बी टाकलं.

आमच्या तापीकाठच्या वांग्याची ओळख नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे वांगं हिरवं असतं, अंगावर पांढरट रेघा, हाताच्या ओंजळीत मावणार नाही एवढं मोठं, आणि आकाराच्या मानानं हलकं, कारण आत बिया फार थोड्या. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात. हे आमचं भरीत. हिवाळ्यात त्याच्याशिवाय पाहुणचार होत नाही.

बी धरायची मायची रीत मी तिला विचारून चौदा मुद्द्यांत उतरवून घेतली होती. फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, पाण्यात चोळायचं, तरंगेल ते फेकायचं, सावलीत वाळवायचं, राखेत ठेवायचं. चौदाही मुद्दे मी पाळले. तरी तिसऱ्या वर्षी माझ्या हिरव्या वांग्यांवर जांभळी झाक आली. मी घाबरले. मायला पत्र टाकलं. तिचं उत्तर प्रकाशच्या अक्षरात आलं: शेजारी कोणाची वांगी आहेत?

शेजारच्या अंगणात काटेरी जांभळी वांगी होती. भुंगे इकडून तिकडे जात होते. माय दरवर्षी बी धरायच्या आधी आजूबाजूच्या वावरांतून एक चक्कर मारायची आणि ज्या बाजूला दुसऱ्याची वांगी असतील त्या बाजूच्या झाडाचं फळ बियाण्याला ठेवायची नाही, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. चक्कर काय, ती तर रोजच मारायची. माझ्या चौदा मुद्द्यांत पंधरावा मुद्दा चालत होता आणि मला दिसला नव्हता.

बाटलीत तळाला चिमूटभर जुनं बी उरलं होतं. ते मी रुखमाअक्काला दिलं. अक्का देवपूरच्या बाजारात भाजी विकायची. पांझरेच्या काठाला तिचं पाऊण एकर वावर, आसपास कोणाची वांगी नाहीत. तिनं तळहातावर बी घेतलं आणि विचारलं, "हाई कथानं शे?"

"जळगावकडचं. माझ्या मायचं."

"मंग जीव लावना पडी," अक्का म्हणाली. आणि तिनं लावला. फुलावर येणाऱ्या दोन-तीन झाडांवर ती नवऱ्याच्या जुन्या धोतराचे तुकडे पिशवीसारखे बांधायची. लोक विचारायचे, झाडाले लुगडं काबरं? तर म्हणायची, "पोर वयमा उनी." पोर वयात आली आहे. त्या बियाची वांगी तिसऱ्या हिवाळ्यात बाजारात आली, आणि "जळगावनं वांगं ल्या!" ही अक्काची आरोळी तेव्हापासून देवपूरला पाठ आहे.

मी नोकरीतून मोकळी झाल्यावर आम्ही पाच जणींनी गट केला. अक्काची वांगी, तिच्याच बांधावर भाजायची, ठेचायची, डब्यात भरून घरोघर द्यायची. डब्यावर लेबल: 'जळगावचं भरीत'. मी ते मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं. खरं सांगते, त्यात धंद्यापेक्षा जास्त काहीतरी होतं. धुळ्याच्या प्रत्येक फ्रिजमध्ये माझ्या जिल्ह्याचं नाव जात होतं.

मागच्या हिवाळ्यात प्रकाश त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. त्याच्याकडं एक बातमी होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ज्या मुलखात ते पिकतं त्या मुलखाचंच ते नाव, दुसऱ्या कुणी ते लावायचं नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. लोक नुसतं जीआय म्हणतात. आता प्रकाशचं नावही त्या नोंदणीत लागलं होतं. त्यानं मोबाइलवर प्रमाणपत्र दाखवलं. त्यात आबांच्या दीड एकराचा गट नंबर होता. मी पाहतच राहिले. ज्या वावरात मी शेणाच्या पाट्या वाहिल्या, त्याचा नंबर सरकारी शिक्क्याखाली, आणि वर वांग्याचं नाव. आबा असते तर चष्मा पुसून परत वाचलं असतं.

मग मी त्याला जेवायला वाढलं आणि त्याची नजर डब्यावर गेली.

"ताई, हे काय लावलं?"

"काय?"

"जळगावचं. हे वांगं कुठलं हाये?"

"आपलंच. मायचं बी."

"बी मायचं. वावर?"

मी त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं. त्यानं घास खाल्ला, मान हलवली. "चव मस्त हाये. पन हे नाव तुले लावता येनार नाही, ताई. नकाशा हाये त्याला. आतलं ते आतलं."

"मी बाहेरची झाले का आता?"

"तू नाही वं. वांगं."

तो हसत म्हणाला, पण मी उठून डबा आत नेऊन ठेवला. संध्याकाळी गटातल्या चौघी आणि अक्का जमल्या. मी सगळं सांगितलं. अक्का भडकली. "वीस वरीस मी कोकलनू, तवय कोणी नही उना. आते नकाशा लई उनात!" वीस वर्षं ती ओरडली तेव्हा कोणी आलं नाही, आता नकाशा घेऊन आले; तिचंही खरं होतं. बाजारात तिची जागा त्या आरोळीनं धरली होती. नाव काढलं तर ती काय ओरडणार? सत्तरीच्या बाईनं कोपऱ्यात गप्प बसायचं? आणि आमच्या गटाचे डबे कोण घेणार, नुसतं 'भरीत' म्हणून? भरीत तर घरोघर होतं.

पण भांडारात मी आयुष्यभर 'कुठून आलं' हाच रकाना भरला होता. खोटा कधी भरला नाही. रात्रभर विचार करण्याऐवजी मी एक योजना लिहिली. सहा वांगी घ्यायची. तीन अक्काच्या वावरातली, तीन प्रकाशच्या. मायपुढं ठेवायची, कोणतं कुठलं ते न सांगता. मायला फरक कळला नाही, तर नियम नुसता कागदाचा, आणि मी प्रकाशच्या गटाशी भांडेन, अर्ज करेन, वर जाईन. मायला कळला, तर लेबल काढायचं. अक्काला हे पटलं. "तुन्ही माय म्हातारी शे, तिले काय कयस?" म्हणाली. तिला काय कळतं? मलाही मनातून तेच हवं होतं. मायचे डोळे आता धूसर आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. चोरून सांगते, मी अक्काची सगळ्यात देखणी तीन वांगी निवडली.

गावी पोचले. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, "वाळली तू," म्हणाली. हे ती सव्वीस वर्षं म्हणते, मी दर वर्षी जाड होत असले तरी. प्रकाशनं आपल्या वावरातून तीन वांगी तोडून आणली. मी सहांच्या देठांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले, कोणता रंग कुठला ते वहीत लिहिलं आणि वही पिशवीत घातली. मायला ओट्यावर बसवलं. "माय, यातलं कोणतं कसं हाये, सांग."

तिनं पहिलं वांगं उचललं. तोललं. देठाच्या टोपीवरून अंगठा फिरवला, मग वांगं उलटं करून बुडाला बोट लावलं. एक इकडं ठेवलं, दुसरं तिकडं. तिसरं इकडं. एकदाही डोळे त्या वांग्याकडं नव्हते, ती समोरच्या लिंबाकडं पाहत होती. दोन मिनिटांत सहाची दोन ढिगांत वाटणी झाली. मी वही न काढताच ओळखलं. एका ढिगात तिन्ही अक्काची, दुसऱ्यात तिन्ही प्रकाशची.

 संपलं, मला वाटलं. मायनं धुळ्याची बाजूला काढली.

मग तिनं अक्काच्या वांग्यांवर हात ठेवला. "हे माहं बी हाये."

"आणि ते?" प्रकाशनं विचारलं.

"ते माहं नाई."

प्रकाशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "माय, ते आपल्या वावरातलं हाये!"

"वावर आपलं हाये. बी कुठं हाये आपलं?"

तो हळूच म्हणाला, "वाण तोच हाये, माय. रोपवाटिकेतून रोपं आनतो. एकसारखी येतात, माल जास्त निघतो. चार वर्षं झाली."

"माले माहीत हाये. चार वरीस खाऊन राहिली ना मी."

"मग बोलली काबरं नाही?"

"तू इचारलं नाई."

मी हसले, प्रकाशही हसला, पण आम्ही दोघंही हादरलो होतो. त्याचं प्रमाणपत्र खरं होतं. वाण तोच, मुलूख तोच, कुठं काही चुकीचं नव्हतं. फक्त मायच्या हातांनी धरत आणलेलं बी त्या वावरातून कधीच गेलं होतं, आणि ते उरलं होतं पांझरेकाठी, धोतराच्या तुकड्यांत. माझ्या मनानं लगेच उडी मारली. मग तर नाव आमचंच!

मी ते बोलूनही टाकलं. मायनं मला हातानंच थांबवलं. "भाज आधी."

अंगणात काड्यांचा जाळ केला. सहा वांगी भाजली, प्रत्येकाचं भरीत वेगळ्या ताटलीत, ताटलीखाली रंगाचा दोरा. मीठ नाही, मिरची नाही. मायनं बोटानं चाखलं. अक्काच्या वांग्याची पहिली ताटली चाखून ती थांबली. परत चाखलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ती आता रडणार. चार वर्षांनी आपलंच बी जिभेवर आलं होतं तिच्या. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, हेच ते.

"पानी माहं नाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बी माहं हाये. पानी दुसरं हाये. तापीचं पानी असं नसतं." मग प्रकाशच्या ताटलीत बोट घालून: "हे पानी माहं. बी दुसरं." इतकं साधं. जसं कुणी सांगावं, हा शर्ट धुतलेला आहे आणि हा नाही.

मी सहाही ताटल्यांची जागा बदलली. मायला पाणी प्यायला लावून पुन्हा चाखायला दिलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, एकदाही न चुकता, आणि शेवटी वैतागली, "परीक्षा घेते का वं माही?" मी खरंच परीक्षाच घेत होते. सरकारनं ज्यासाठी नकाशे काढले, अर्ज मागवले, शिक्के बनवले, ते सगळं एका म्हातारीच्या जिभेवर आधीच लिहिलेलं होतं. तिला शाळा नाही. तिनं जन्मात एक यादी केली नाही. मी तिच्या हाताकडं पाहत राहिले. राखेचा, देठाचा, किती हिवाळ्यांचा हात. नकाशावरची ती रेघ कुठल्या तरी टेबलावर ओढली असेल असं मी समजत होते. ती रेघ नदीच्या पाण्यात होती, आणि माझ्या आईला ती लागत होती.

"मग माय, याला काय नाव द्यायचं?" मी विचारलं.

"ज्याचं पानी पेलं, त्याचं नाव घ्या," ती म्हणाली आणि ताटली पुसून खाल्ली. प्रकाशकडं बोट करून म्हणाली, "अन् तू, बी माग हिच्याकडून." जळगाव जिल्ह्याच्या आत, आबांच्या दीड एकरात, या पावसाळ्यात ते बी पुन्हा पेरलं गेलं. मी चिमूट नव्हे, मूठभर नेऊन दिलं.

धुळ्याला परत आल्यावर गटाची बैठक झाली. मी एका वाक्यात सांगितलं: कळलं तिला. अक्का म्हणाली, "पानी बी कयनं?" पाणीसुद्धा कळलं? मी मान हलवली. "माय वं," असं म्हणून अक्कानं कपाळाला हात लावला. तिच्या रागाचं काय झालं कोण जाणे. तिनं नंतर नकाशाला एकदाही शिवी दिली नाही. शेतकरीण होती ती, तिला माझ्याआधी उमगलं.

नव्या नावावर मात्र भांडणं झाली. एकीला 'खान्देशी' हवं होतं, एकीला 'घरगुती'. अक्का म्हणाली, "मन्हं नाव टाका, मी कोठे मरी गयी?" शेवटी ठरलं ते 'पांझराकाठचं भरीत'. खाली लहान अक्षरात मी दोन ओळी लिहिल्या: बी तापीकाठचं, पाणी पांझरेचं. प्रेसवाल्यानं विचारलं, मूळ ठिकाण काय टाकू? पेन हातात होतं. मी लिहिलं: देवपूर, धुळे. 

पहिल्या आठवड्यात निम्मे डबे परत आले. अक्का "जळ..." म्हणायची आणि थांबायची. मग एक दिवस बाजारातून जाताना मला ऐकू आलं, "धुळानं वांगं ल्या! आपलं वांगं ल्या!" आवाज जुनाच. समोर गिऱ्हाइकं दोनच होती. दोघी घेत होत्या. पुढं हळूहळू माणसं परत आली, सगळी नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मी एसटीतून मायला एक डबा पाठवला, नवं लेबल लावून. संध्याकाळी फोन आला. आधी श्वेताची चौकशी, मग मिलिंदच्या गुडघ्याची. मग म्हणाली, "तुमच्या गावचं भरीत चांगलं हाये."

सव्वीस वर्षांत मायनं धुळ्याला कधी माझं गाव म्हटलं नव्हतं. ती म्हणायची 'तिकडं'. तिकडं पाऊस हाये का, तिकडून कधी येते. रेशनकार्ड, मतदार यादी, घरपट्टी, सगळीकडं माझ्यापुढं धुळे लिहिलेलं होतं, पण ते मी अर्ज करून मिळवलेलं होतं. हे मी मागितलं नव्हतं. जिची जीभ चुकत नाही त्या बाईनं चाखून सांगितलं होतं, की तू आता त्या पाण्याची. मला आनंद झाला आणि तेवढंच दुखलं, दोन्ही एकाच जागी. माहेर तिथंच आहे, तापीकाठी, पण घर आता मी जिथलं पाणी पिते तिथं आहे, आणि याला मायचीच साक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारात अक्काला सांगितलं, माय धुळ्याला माझं गाव म्हणाली. अक्का वांगी पुसत होती. वर न पाहता म्हणाली, "मंग! आम्ही तं पहिलेपासूनच म्हनी राह्यनूत. तुलेच कयत नव्हतं."